पटावरचा रथ

मुलांनो, बुद्धिबळाचा पट तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. पटाच्या चारही कोपऱ्यांत हत्ती उभे असतात आणि वाट मोकळी मिळाली, की ते एका दमात पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावत सुटतात. हत्तीसारख्या धीमेपणाने चालणाऱ्या प्राण्याला ही वेगवान चाल कोणी बरे दिली असेल, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. कोपऱ्यातले ते घर मूळचे हत्तीचे नव्हेच; ते रथाचे होते.

प्राचीन भारतीय सेनेची चार अंगे मानली जात : हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. या चार अंगांवरूनच आपल्याकडील जुन्या पटखेळाला ‘चतुरंग’ हे नाव पडले. तो खेळ पुढे इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि त्यांच्याकडून युरोपात पोहोचला. या प्रवासात कोपऱ्यातल्या सोंगटीचे रूप देशोदेशी पालटत गेले. युरोपात तिचा बुरूज झाला, बंगालात नौका झाली, आपल्याकडे हत्ती झाला. चीनमधील पटावर मात्र ती सोंगटी आजही रथ या नावानेच ओळखली जाते. रूप गेले, नाव गेले. परंतु सरळ आणि वेगाने धावण्याची चाल तेवढी शिल्लक राहिली.

रथ जसा पटावरून गेला, तसा तो रणांगणावरूनही गेला. असे असले तरी आपल्या भाषेतून तो गेलेला नाही. एखादा मनुष्य कार्याची ‘धुरा’ वाहतो, असे आपण म्हणतो. ही धुरा म्हणजे गाडीची किंवा रथाची पुढची बाजू, जिच्यावर ओढणाऱ्या जनावरांचा भार येतो. तिच्यावरूनच ‘धुरीण’ आणि ‘धुरंधर’ हे शब्द आले. एखाद्या संस्थेचे आपण ‘सारथ्य’ करतो. सभेला ‘रथी-महारथी’ जमतात. मनातल्या इच्छांना ‘मनोरथ’ म्हणतात. ज्या वाहनाने आपल्या भाषेला एवढे शब्द दिले, ते वाहन प्रत्यक्षात कसे होते, हे जाणून घेण्याचा एक उत्तम मार्ग आहे. तो मार्ग म्हणजे आपल्या हातांनी एक लहानसा रथ घडवणे आणि पटावर मांडून त्याच्याशी खेळणे.

टेबलावर लहान सैन्ये मांडून युद्धाचा खेळ खेळणारे शौकीन आज जगात पुष्कळ आहेत. अशा खेळाचा एक प्रकार प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जात असे; त्याचे नियम १८२४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने मुलांसाठी खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे एक पुस्तक लिहिले. आपल्या महाराष्ट्रातील मुलांना तर ही कल्पना मुळीच परकी नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करावा, गोणपाट चिखलात भिजवून त्याचे कडे रचावेत, हळीव पेरून हिरवळ उगवावी आणि बुरुजाबुरुजांवर मातीचे मावळे उभे करावेत, ही आपली जुनी चाल आहे.

माझे घर पुण्याच्या कसबा पेठेत आहे. कसबा गणपतीच्या या जुन्या वस्तीत कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे. दिवाळी जवळ आली, की कुंभारवाड्यात पणत्यांच्या राशींशेजारी मावळ्यांच्या रांगा उन्हात वाळत असलेल्या दिसतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या वाड्यातल्या मुलांबरोबर किल्ला करण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. एका वर्षी मुलांनी आग्रह धरला, की या खेपेस किल्ला नको, कुरुक्षेत्र करू. मी आनंदाने होकार दिला.

आमचा पहिला रथ आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील चित्र पाहून केला. त्याला चार चाके होती, वर कळस होता, आणि सर्वांगाला सोनेरी रंग दिलेला होता. चार पांढरे घोडे आम्ही आधी चिकटवून टाकले आणि मग रंगवायला घेतले. त्यामुळे आतल्या बाजूस कुंचला पोहोचेना आणि मधले दोन घोडे एका अंगाने मातीच्याच रंगाचे राहिले. तरीही दुरून रथ झळकत होता आणि आम्ही सर्व त्याच्यावर खूश होतो. संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध सुतार तो पाहायला आले. त्यांनी तरुणपणी टांग्यांची चाके केली होती. रथ त्यांनी बराच वेळ निरखला आणि मग शांतपणे विचारले, “मास्तर, हा रथ वळणार कसा?”

मी निरुत्तर झालो. शाळेत अनेक वर्षे मी महाभारतातील वेचे शिकवले होते. परंतु रथ वळतो कसा, याचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. आजोबांनी आमचा रथ पाटावर ठेवून बोटाने फिरवून दाखवला. चारही चाके दोन आसांवर घट्ट बसवलेली होती. रथ सरळ जाई. वळवू पाहिला, की चाके आडवी फरफटत. “दोन चाकांचा टांगा जागच्या जागी फिरतो,” ते म्हणाले, “चार चाकांच्या गाडीला पुढचा आस वेगळा फिरता करावा लागतो.” त्या रात्री आम्ही सोनेरी रथ उचलून ठेवला आणि खरे रथ कसे होते, याचा शोध सुरू केला.

शोधाची सुरुवात घराजवळच झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे एक प्राचीन स्थळ आहे. तेथे १९७४ साली खोदताना एका गावकऱ्याला धातूच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला एक रथ, अशा त्या चार वस्तू होत. चारींचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्याला दोन भरीव चाके आहेत. बैलांच्या मानेवर जू आहे, मागे सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य उभा आहे, आणि दांडीवर एक लहानसा कुत्राही उभा आहे! या वस्तूंच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी अनेक संशोधक त्यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. लहान रथ घडवण्याची हौस आपल्या भूमीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

दायमाबादचा रथ बैलांचा आहे. युद्धाच्या रथाला मात्र घोडे हवेत, आणि घोड्यांच्या वेगाला हलके चाक हवे. लाकडाच्या भरीव चाकाचे वजन फार. आऱ्यांच्या चाकात मधले लाकूड काढून टाकलेले असते; त्यामुळे चाक हलके होते, पण त्याची मजबुती टिकते. अशा चाकांचे रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वापरात आले आणि तेथून त्यांचा प्रसार दूरवर झाला. इजिप्तच्या तूतनखामेन राजाची कबर १९२२ साली उघडली, तेव्हा तिच्यात सहा रथ सुटे करून ठेवलेले मिळाले. त्यांच्या चाकांना सहा-सहा आरे होते. आपल्याकडे सांचीच्या तोरणांवर दोन चाकांचे रथ कोरलेले आहेत. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवलीजवळ भाजे लेणी लागतात. तेथील एका विहारात चार घोड्यांच्या रथाचे प्रसिद्ध शिल्प आहे. त्या रथात सूर्य बसला आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उत्तर प्रदेशातील सिनौली येथे २०१८ साली जमिनीखाली दोन चाकांची वाहने मिळाली. ती रथ होती, की बैलांच्या गाड्या, यावर अद्याप वाद चालू आहे.

एवढी माहिती गोळा झाल्यावर आम्ही दुसरा रथ घेतला. तो कसा केला, ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम प्रमाण ठरवावे. लहान वस्तू खरी वाटते ती तिच्या प्रमाणामुळे. आम्ही वीसास एक हे प्रमाण घेतले. म्हणजे खऱ्या वस्तूचे २० सेंटिमीटर ते आपल्या रथाचे एक सेंटिमीटर. १७० सेंटिमीटर उंचीचा योद्धा साडेआठ सेंटिमीटरांचा झाला. ९० सेंटिमीटर व्यासाचे चाक साडेचार सेंटिमीटरांचे झाले. खांद्यापाशी १४० सेंटिमीटर भरणारा घोडा सात सेंटिमीटरांचा झाला. रथाची बैठक पाच सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल घेतली. आपण चित्रांत पाहतो तसा ऐसपैस रथ हा नव्हे. सारथी आणि योद्धा शेजारीशेजारी जेमतेम उभे राहतील, एवढीच जागा त्यात असते. मुलांना प्रथम हे रुचले नाही. पण रथ जितका लहान तितका हलका, आणि हलका तितका वेगवान, हे ध्यानात येताच त्यांची तक्रार मिटली.

नंतर चाके करावीत. जाड पुठ्ठ्यावर कंपासाने साडेचार सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. कंपासाचे अंतर न बदलता परिघावर एकामागून एक खुणा कराव्यात. बरोबर सहा खुणा होतात. हेच सहा आऱ्यांचे स्थान. पुठ्ठ्याची दोन कडी कापावीत, खराट्याच्या हिरांचे सहा सारखे तुकडे घ्यावेत आणि ते दोन कड्यांच्या मध्ये चिकटवावेत. मध्यभागी आऱ्यांच्या दोन्ही बाजूंस भोक पाडलेल्या लहान चकत्या लावाव्यात. हा झाला चाकाचा तुंबा. आस बैठकीच्या रुंदीपेक्षा बराच लांब ठेवावा, म्हणजे चाके दूरदूर राहतात आणि वळताना रथ कलंडत नाही. आस स्थिर असावा आणि चाक त्याच्याभोवती सैल फिरावे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला आडवी खीळ घालावी. दशरथाच्या रथाचे चाक युद्धात निखळू लागले, तेव्हा कैकेयीने आपले बोट घालून ते सावरले, अशी लोकप्रसिद्ध कथा आहे. आजवर केवळ ऐकलेल्या त्या कथेतला धोका ही काडीएवढी खीळ बसवताना मुलांना प्रथमच कळला.

दांडीसाठी बांबूची बारीक कामटी घ्यावी. ती रात्रभर पाण्यात भिजवून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गरम करून वाकवावी; कारण आस खाली असतो आणि घोड्याची मान वर असते. ही दांडी आसापासून निघून दोन घोड्यांच्या मधून पुढे जाते, आणि तिच्या टोकाला जू आडवे बांधलेले असते. रथाचा सारा जोर या एका सांध्यावर येतो. म्हणून तेथे नुसता डिंक लावून भागत नाही. दोऱ्याचे पक्के वेढे द्यावे लागतात. बैठकीची पुढची कमान पातळ कामटीची करावी आणि तिच्यावर चामड्याऐवजी जाड कागद ताणून लावावा.

घोड्यांनी आमची खरी परीक्षा पाहिली. शाडूच्या मातीचे बारीक पाय वाळताच मोडत. म्हणून आम्ही पायांत तांब्याची तार घातली. आता माती वाळताना आकसे, तार मात्र आकसत नसे. त्यामुळे तारेभोवती भेगा पडू लागल्या. अखेर कुंभारवाड्यातील एका कारागिराने उपाय सांगितला. मातीत पिंजलेला कापूस मळावा, तारेला आधी सुताचे वेढे द्यावेत, आणि मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत हळूहळू वाळवावी. त्याप्रमाणे केल्यावर आठांपैकी सात पाय शाबूत राहिले. आठवा आम्ही डिंकाने सांधला.

रंगकामाचा पहिला नियम आम्ही आमच्या चुकीतूनच शिकलो होतो. रथ, घोडे आणि माणसे सुटी असतानाच रंगवावीत. जोडणी मागाहून करावी. प्रथम सर्वांवर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे वरचे रंग खुलतात. मग गडद रंग खोलगट भागांत जाऊ द्यावा, त्यावर मूळ रंग द्यावा, आणि शेवटी कुंचला जवळजवळ कोरडा करून फिकट रंग फक्त उंचवट्यांवर अलगद फिरवावा. आयाळीचे केस, दोऱ्याचे वेढे, लाकडाच्या कडा अशा रीतीने उठून दिसतात. दोन्ही घोडे एकाच रंगाचे केले, तरी ते तंतोतंत सारखे करू नयेत. आम्ही एक कुमाईत केला, आणि दुसऱ्याचे चारही पाय व कपाळ पांढरे ठेवून त्याला पंचकल्याणी केले. सोनेरी रंग मात्र या खेपेस आम्ही ध्वजाच्या टोकापुरताच वापरला. चाकांच्या कडांना मातकट रंगाचे शिंतोडे दिले. कारण धावलेल्या रथाची चाके स्वच्छ राहत नाहीत.

रथ सिद्ध झाला. आता सैन्य किती मांडावे? याचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात मिळते. एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ शिपाई मिळून जी तुकडी होते, तिला ‘पत्ती’ म्हणतात. आम्ही दोन्ही बाजूंना एकेक पत्ती मांडली. खेळाचे नियम सोपे ठेवले. पायदळाने एका डावात एक वीत चालावे, रथाने तीन विती. परंतु रथाला वळण्यासाठी भोवती मोकळी जागा हवी, आणि खडकावरून किंवा चिखलातून त्याने जाऊ नये. पटाच्या मधोमध आम्ही ओल्या मातीचा एक पट्टा ठेवला होता.

पहिल्या दिवशी ज्या मुलाकडे रथ होता, त्याने सपाट मैदानावर तो असा काही दौडवला, की समोरचे पायदळ पाहता पाहता विखुरले. दुसऱ्या दिवशी प्रतिपक्षाच्या मुलीने आपले सर्व शिपाई ओल्या पट्ट्यामागे नेऊन उभे केले. रथ तेथे थांबला, मागे वळायला जागा उरली नाही, आणि तो घेरला गेला. मुलगा हिरमुसला होऊन म्हणाला, “आजोबा, हा नियमच खोटा आहे!” तेव्हा मी त्याला झेलमच्या काठी इसवी सनापूर्वी ३२६ साली झालेल्या लढाईची हकीकत सांगितली. अलेक्झांडरविरुद्ध लढताना पौरवांचे रथ पावसाने झालेल्या चिखलात अडकले, असे प्राचीन इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळल्याची कथा तर त्याला ठाऊकच होती. सपाट भूमी असेपर्यंत रथासारखे शस्त्र नाही. ती संपली, की तो एक ओझे होतो. ओढा ओलांडणारा, टेकडी चढणारा, जागच्या जागी फिरणारा घोडेस्वार तयार झाला आणि रथाचे दिवस संपत आले. जे मी पुस्तकातून सांगू शकलो असतो, ते त्या मुलाला हातभर ओल्या मातीने शिकवले.

खेळ संपल्यावर सोंगट्या आवरताना त्या मुलीने विचारले, “पूर्ण सैन्य मांडायचे, तर किती सोंगट्या लागतील?” आम्ही कागद घेऊन हिशेब केला. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ, एकूण २,१८,७००. कौरवांच्या ११ आणि पांडवांच्या ७ अक्षौहिणी मिळून १८. म्हणजे ३९,३६,६०० सोंगट्या! हा आकडा ऐकून मुले प्रथम हसली. मग ती मुलगी हातातल्या सारथ्याकडे पाहत म्हणाली, “हा एक करायला आपल्याला दोन दिवस लागले.” यावर कोणीच काही बोलले नाही. त्या युद्धाच्या शेवटी दोन्ही पक्षांचे मिळून अवघे दहा वीर उरले, असे महाभारत सांगते.

वेल्सने आपल्या पुस्तकाच्या शेवटी म्हटले आहे, की खऱ्या युद्धापेक्षा खेळातले हे लहान युद्ध कितीतरी बरे. ते पुस्तक निघाल्यावर एका वर्षाने, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. आमच्या खेळात मोडलेला घोड्याचा पाय डिंकाने सांधता आला. रणांगणावर ते शक्य नसते, हे मला त्या शांत संध्याकाळी मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

मुलांनो, तुम्हीही सुटीत असा एक रथ करून पाहा. तो झळकला नाही तरी चालेल. पण त्याची चाके फिरली पाहिजेत आणि तो वळला पाहिजे. आमचा दुसरा रथ आता माझ्या कपाटात आहे. ते वृद्ध सुतार तो पाहायला पुन्हा आले होते. त्यांनी तो पाटावर ठेवला, एका चाकाजवळ बोट टेकवून जागच्या जागी गर्रकन फिरवला, आणि काही न बोलता मुलांच्या हाती परत दिला.